रस्त्याकडेच्या रोमन थडग्यावरचा संगमरवर कसा वाचतात

रोममधून आग्नेयेकडे निघणाऱ्या जुन्या आप्पियन मार्गाने काही मैल गेल्यावर रस्त्याच्या कडेला विटांनी पुन्हा बांधून काढलेले एक थडगे लागते. त्याच्या दर्शनी भागात एक आडवा पट्ट बसवलेला आहे आणि त्यावर छातीपर्यंत कोरलेली तीन माणसे, एक पुरुष आणि दोन स्त्रिया, खिडकीतून पाहावे तशी रस्त्याकडे पाहत आहेत. रस्त्यावर आज दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ संगमरवरी पट्ट रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयात ठेवलेला आहे. मूर्तिकला म्हणून हे काम थोर म्हणावे असे नाही, पण रोमन थडग्याचा संगमरवर वाचायचा कसा हे शिकण्यासाठी याच्याइतका सोयीचा दगड सापडणे कठीण आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

तिघांची नावे चेहऱ्यांबरोबर कोरलेली आहेत: गायस राबिरियस हर्मोडोरस, राबिरिया डेमारिस आणि उसिया प्रिमा. मात्र पुरुषाचे नाव दगडावर असे सलग लिहिलेले नाही. आधी 'सी' हे एकच अक्षर येते. ते 'गायस' असे वाचायचे, कारण फार जुन्या लॅटिनमध्ये 'क' आणि 'ग' या दोन्ही ध्वनींसाठी एकच अक्षर होते. पुढे 'ग'साठी वेगळे अक्षर आले, पण नावाचा संक्षेप जुना होता तसाच राहिला. त्यानंतर 'राबिरियस' हे कुलनाम येते आणि मग 'पोस्ट. एल.' अशी अक्षरे येतात. चार जणांनी चटकन ओलांडून पुढे जावीत अशी ही अक्षरे आहेत, पण सगळ्या पट्टाची किल्ली त्यांच्यातच आहे.

रोमन नागरिक स्वतंत्र घरात जन्मला असेल, तर त्याच्या नावात या जागी बापाच्या नावाचे आद्याक्षर आणि पुढे 'एफ' असे. 'एफ' म्हणजे फिलियस, अर्थात मुलगा. तो गुलामीतून मुक्त झालेला असेल, तर त्याच जागी 'एल' येई; 'एल' म्हणजे लिबेर्तुस, अर्थात अमक्याने मुक्त केलेला. कायद्याच्या दृष्टीने गुलामाला बाप नसे, त्यामुळे बापाच्या जागी मालक लिहिला जाई. मुक्त होताना त्याला मालकाचे पहिले नाव आणि कुलनाम मिळे, आणि गुलाम असताना ज्या नावाने त्याला हाक मारत ते नाव शेवटी जोडले जाई. 'हर्मोडोरस' हे ग्रीक नाव आहे आणि त्याचा अर्थ हर्मीस देवाची देणगी असा होतो. म्हणजे बोटभर रुंदीच्या त्या एका अक्षरावरून माणूस कोणत्या दारातून नागरिकत्वात आला हे कळते. थडग्याचा एखादा फुटका तुकडा हाती आला आणि त्यावर नावाच्या मधला एवढा भाग जरी शिल्लक असला, तरी अभ्यासकाचे निम्मे काम झालेले असते.

या पट्टावर आणखी एक वेगळी गोष्ट आहे. प्रथेप्रमाणे 'एल'च्या आधी मालकाच्या पहिल्या नावाचे आद्याक्षर यायला हवे होते. इथे त्याऐवजी 'पोस्ट.' म्हणजे 'पोस्टुमस' हे त्याचे ओळखीचे नाव घातले आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात गायस राबिरियस पोस्टुमस नावाचा एक बडा सावकार रोममध्ये होता. त्याने इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी याला प्रचंड कर्जे दिली, ती वसूल करण्यासाठी तो अलेक्झांड्रियाला जाऊन राजाच्या तिजोरीचा कारभारी झाला, आणि परत आल्यावर त्याच्यावर खटला चालला. इसवी सनपूर्व 54 मध्ये त्या खटल्यात प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने त्याची बाजू मांडली. पट्टावरचा पोस्टुमस तोच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर नुसते आद्याक्षर न घालता त्याचे नाव का लिहिले हे समजायला फार डोके चालवावे लागत नाही. आपण कोणाच्या घरचे होतो हे हर्मोडोरसला रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायचे होते.

आता तिसरा चेहरा. उसिया प्रिमा हिच्या नावापुढे ती इसिस या इजिप्शियन देवीची पुजारीण असल्याचे लिहिले आहे, आणि तिच्या बाजूला इसिसच्या पूजेतला खुळखुळा आणि अर्घ्याचे उथळ पात्र कोरलेले आहे. ती राबिरिया नाही. तिचे कुलनाम वेगळे आहे. तिची केशरचनाही शेजारच्या दोघांच्या काळाशी जुळत नाही. रोमन स्त्रियांच्या केशरचनेच्या तऱ्हा राजघराण्यातील स्त्रियांचे पाहून बदलत असत, आणि त्या स्त्रियांचे पुतळे आणि नाणी उपलब्ध असल्यामुळे केसांवरून काळ ठरवणे हे या अभ्यासातले नेहमीचे साधन आहे. पहिले दोन चेहरे इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत. तिसरा चेहरा त्यानंतर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आधीचा चेहरा तासून त्याच दगडात नव्याने काढलेला आहे. म्हणजे उसियाच्या जागी पूर्वी दुसरे कोणी तरी होते, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर थडग्याच्या ताबेदारांनी नवा दगड न घेता जुन्याच पट्टावर नव्या माणसाला जागा करून दिली. थडगे एकदा बांधले की विषय संपला, असा रोमन व्यवहार नव्हता. ते पिढ्यान्‌पिढ्या वापरातले घर होते.

हे सगळे रस्त्याच्या कडेलाच का, याचे उत्तर एका जुन्या कायद्यात आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यावर रोमनांनी आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून काढले, आणि त्यातल्या दहाव्या पाटीवर नगरात मृतदेह पुरू नये आणि जाळूही नये अशी तरतूद होती. तेव्हा वेशीबाहेर जाणे भाग होते. आप्पियन मार्ग इसवी सनपूर्व 312 मध्ये आप्पियस क्लॉडियस याने रोमपासून कापुआपर्यंत बांधायला घेतला आणि पुढे तो इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत गेला. त्याची सुमारे चार मीटर रुंदीची काळी फरसबंदी जवळच्या अल्बन टेकड्यांमधून पूर्वी वाहून आलेल्या लाव्हारसाच्या दगडाची आहे. पूर्वेकडून येणारा व्यापारी, सैनिक, वकील, सारे याच रस्त्याने शहरात शिरत, त्यामुळे वेशीबाहेरची पण वर्दळीची जागा थडग्यासाठी सर्वांत मोलाची ठरली. मेलेल्याला शांतता हवी ही कल्पना इथे लागू करता येत नाही. कित्येक लेख 'वाटसरू, जरा थांब आणि वाच' अशा अर्थाच्या आर्जवाने सुरू होतात.

रस्त्याकडेला लागणाऱ्या जागेला भाव होता, म्हणून जागेचे माप दगडावरच कोरून ठेवत. 'दर्शनी इतके पाय, आत शेताकडे इतके पाय' अशी ती नोंद असते आणि तीही आद्याक्षरांत. रोमन पाय साधारण 29.6 सेंटीमीटरचा; वारंवार आढळणारे बारा बाय बारा पायांचे माप घेतले, तर दोन्ही बाजू सुमारे 3.55 मीटर होतात आणि एकूण जागा साडेबारा चौरस मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या खोलीएवढी भरते. याच्या जोडीला 'एच एम एच एन एस' अशी पाच अक्षरे पुष्कळदा दिसतात. हे थडगे वारसाकडे जात नाही, असा त्या अक्षरांचा अर्थ. घर, शेत, पैसा वारसाला मिळो, पण थडग्याची जागा त्याने विकून खाऊ नये, अशी ही सोय होती, आणि तिच्यामागे बऱ्याचदा मुक्त केलेल्या गुलामांना आणि त्यांच्या संततीला तिथे पुरण्याचा हक्क राखून ठेवण्याचा हेतू असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका लॅटिन उपहासकथेतला नवश्रीमंत यजमान भर जेवणावळीत आपल्या भावी थडग्याचे माप शंभर बाय दोनशे पाय असे सांगतो आणि लोकांनी तिथे शौचाला बसू नये म्हणून पहारेकरी नेमायचाही बेत करतो. विनोद असला तरी अडचण खरी होती. निवडणुकीच्या जाहिराती रंगवणाऱ्यांनी हे थडगे सोडून पुढे जावे, अशी विनंती कोरलेले दगडही सापडले आहेत, आणि भिंती रंगवणाऱ्यांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला त्याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

आद्याक्षरांची ही लिपी नवख्याला गूढ वाटते, पण तशी ती नाही. लग्नपत्रिकेवर 'चि. सौ. कां.' लिहिलेले आपण न अडखळता वाचतो, 'कै.' पाहून माणूस हयात नाही हे ओळखतो. तसेच रोमन माणूस 'डी एम' पाहून 'दीस मानिबुस', म्हणजे पितरांच्या आत्म्यांना अर्पण, असे वाचत असे. 'एच एस ई' म्हणजे हा इथे आहे, 'एस टी टी एल' म्हणजे माती तुला हलकी होवो. ठरलेले शब्द ठरलेल्या जागी येतात, आणि म्हणूनच अर्धा फुटलेला लेखही भरून काढता येतो. ओळीच्या शेवटी 'जगला' एवढे उरले असेल, तर पुढे वर्षांचा आकडा होता हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मात्र काय दगडावर आहे आणि काय आपण भरले, यांची सरमिसळ होता कामा नये. त्यासाठी 1931 मध्ये लायडन येथे अभ्यासकांनी खुणांची एक पद्धत ठरवली, आणि ती आजही पाळली जाते. संक्षेप उलगडून लिहिलेला भाग गोल कंसात, फुटून गेलेला पण अंदाजाने भरलेला भाग चौकोनी कंसात, आणि अर्धवट दिसणाऱ्या शंकास्पद अक्षराखाली ठिपका. आपल्या भाषेत दाखवायचे तर 'कै(लासवासी)' म्हणजे दगडावर फक्त 'कै' आहे, बाकीचे वाचणाऱ्याने पुरे केले. आणि '[कै(लासवासी)]' म्हणजे दगडाचा तो कोपराच नाही. छापील वाचन सुबक दिसत असले, तरी आधी कंस पाहावेत. चौकोनी कंसात अर्धी ओळ असेल, तर ती ओळ दगडाची कमी आणि संपादकाची जास्त असते.

अक्षरे वाचून झाली तरी तुकडा संपत नाही. थडग्याचा गाभा बहुधा चुना आणि दगडगोटे यांच्या रोमन काँक्रीटचा असे आणि संगमरवर हे त्यावर चढवलेले कातडे. त्यामुळे पाठ खडबडीत असेल, तर पट्ट भिंतीत बसवलेला होता. कडेला सरळ करवतीची रेघ असेल, तर ती बहुधा मूळ कड आहे. वेडीवाकडी असेल, तर तिथे तो फुटला. कडेवर छोटी खाच आणि तिच्यात शिशाचा अंश असेल, तर लोखंडी आकड्याने तो शेजारच्या पट्टाला जखडलेला होता. अक्षरे कोरण्याआधी आखणी करून ती रंगवून घेत, मग छिन्नीने इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खोबण काढत आणि अनेकदा तिच्यात लाल रंग भरत. शब्दांच्या मध्ये छोटे त्रिकोणी ठिपके देत. तिरप्या उजेडात दगड धरला, की झिजलेल्या खोबणी सावलीमुळे वर येतात. आणि ओला कागद लेखावर थोपटून ठसा घेण्याची जी रीत आपल्याकडच्या शिलालेखांच्या अभ्यासात आहे, तीच इथेही वापरतात.

दगड कोणत्या खाणीचा हेही विचारता येते. इटलीतल्या काराराजवळच्या खाणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकात मोठ्या प्रमाणावर चालू झाल्या आणि बारीक कणांचा पांढरा दगड रोमला जवळून मिळू लागला; त्याआधी संगमरवर म्हटला की तो समुद्रापलीकडून, ग्रीसमधून वगैरे आणावा लागे. काराराचा कण बारीक, मार्मारा बेटावरच्या संगमरवराचा भरड, इतके अनुभवी डोळ्याला कळते, पण डोळा चुकतो. 1972 मध्ये दाखवून दिले गेले की संगमरवरातील कार्बन आणि ऑक्सिजनच्या स्थिर समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण खाणीनुसार वेगळे असते. त्यामुळे आता चिमूटभर भुकटीवरून संभाव्य खाणींची यादी बरीच आखूड करता येते.

आप्पियन मार्गावरचे सर्वांत प्रसिद्ध थडगे केकिलिया मेटेला हिचे आहे: तिसऱ्या मैलाजवळ, सुमारे एकोणतीस मीटर व्यासाचा प्रचंड दगडी गोल. त्यावरच्या संगमरवरी पाटीवर तीन ओळी आहेत आणि त्यांत ती कोण, तर क्रेटिकसची मुलगी आणि क्रॅससची पत्नी, एवढेच आहे. बापाने क्रीट बेट जिंकले म्हणून त्याला ते बिरुद मिळाले होते. तो इसवी सनपूर्व 69 मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता. तिच्या स्वतःविषयी एक शब्द नाही. वरच्या पट्टीत माळा आणि बैलांच्या कवट्या कोरल्या आहेत, त्यावरून त्या भागाला 'कापो दी बोवे', बैलाचे डोके, हे नाव पडले. हे थडगे उभे राहिले, कारण चौदाव्या शतकाच्या आरंभी काएतानी घराण्याने त्याचा किल्ल्याचा बुरूज केला. बाकीच्यांना असे उपयोगी पडता आले नाही.

बाकीच्यांचा चुना झाला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत तो नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध संगमरवरातून छप्पन्न किलो चुना मिळतो. खाणीतून दगड काढण्यापेक्षा रस्त्याकडेचा तयार, पांढराशुभ्र, कोणीच मालक नसलेला दगड भट्टीत टाकणे शेकडो वर्षे लोकांना सोपे वाटत आले. मुंबईतल्या चुनाभट्टीला जसे भट्ट्यांवरून नाव पडले, तसा मध्ययुगीन रोममध्येही एक भाग चुन्याच्या भट्ट्यांवरून ओळखला जात असे. दुसऱ्या पायस पोपने 1462 मध्ये प्राचीन वास्तू मोडण्यावर बंदी घातली, दहाव्या लिओ पोपने 1515 मध्ये कोरीव लेख असलेल्या दगडांवर लक्ष ठेवण्याचे काम चित्रकार राफाएलकडे सोपवले, आणि काही वर्षांनी लिओला लिहिलेल्या पत्रात राफाएलने तक्रार केली की नवे रोम ज्या चुन्याने बांधले जात आहे तो जुन्या संगमरवराचा आहे. हुकूम होते, भट्ट्याही होत्या. जे भट्टीत गेले नाही, ते पालथे घालून चर्चच्या फरशीत बसवले गेले किंवा मागच्या बाजूवर दुसऱ्याच मृताचे नाव कोरून पुन्हा वापरले गेले. म्हणून आज हाती येतो तो बहुधा तुकडाच असतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दुसरे संकट आले, आणि ते हौशी संग्राहकांचे होते. सापडला तुकडा की उचलला आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात लावला. म्हणून 1808 मध्ये शिल्पकार कानोव्हाने जे केले ते महत्त्वाचे आहे. मार्कस सर्व्हिलियस क्वार्टस याच्या थडग्याचे तुकडे आप्पियन मार्गावर सापडले, तेव्हा त्याने ते संग्रहालयात नेले नाहीत. जागेवरच विटांची भिंत उभारून तिच्यात बसवले. हे थडगे आपण स्वतःच्या पैशाने बांधले, असे सर्व्हिलियस तिथे सांगतो. 1850च्या दशकात लुइजी कानिना या वास्तुतज्ज्ञाने हीच रीत कित्येक मैलांपर्यंत वापरली. जवळपास मिळाले ते तुकडे एका भिंतीत बसवण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे काही शेजारी एकमेकांना अनोळखी असण्याचा संभव राहतो, हे खरे. तरीही तुकडा ज्या रस्त्यासाठी कोरला होता त्याच रस्त्यावर राहिला, ही जमेची बाजू माझ्या मते मोठी आहे. पुढे चोरी आणि झीज यांमुळे अनेक मूळ दगड आत न्यावे लागले आणि बाहेर प्रतिकृती आल्या. हर्मोडोरसचा पट्ट त्यातलाच.

जागा सुटलेल्या दगडाची ओळख पुन्हा पटू शकते, मात्र कोणी तरी तो आधी वाचून छापलेला असावा लागतो. जर्मन इतिहासकार मोम्सेन याच्या पुढाकाराने 1853 मध्ये बर्लिनच्या अकादमीने लॅटिन कोरीव लेखांचा महासंग्रह सुरू केला; त्यात आज सुमारे एक लाख ऐंशी हजार लेख आहेत, रोम शहराचे लेख सहाव्या खंडात आहेत, आणि बनावट ठरलेल्यांच्या क्रमांकाला तारांकित करून वेगळे टाकले आहे. याचा उपयोग 2025 मध्ये अमेरिकेत दिसला. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका घरामागचे गवत-झुडूप साफ करताना घरमालकांना लॅटिन अक्षरांची संगमरवरी पाटी मिळाली. अभ्यासकांनी ती वाचली: पितरांच्या आत्म्यांना अर्पण, सेक्स्टस कोंगेनियस व्हेरस, मिसेनमच्या आरमारातला सैनिक, जन्माने थ्रेसमधील बेसी टोळीचा, बेचाळीस वर्षे जगला, त्यातली बावीस नोकरीत गेली. हाच लेख एकोणिसाव्या शतकात रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरातल्या दफनभूमीत सापडून नोंदला गेला होता, आणि तिथल्या संग्रहालयावर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडल्यानंतर दगडाचा पत्ता नव्हता. युद्धकाळात इटलीत असलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या घरी तो पोहोचला होता, आणि वारसांना तो काय आहे हे माहीत नसल्यामुळे अंगणात शोभेला गेला. गहाळ पाटीच्या नोंदीतली मापे या दगडाशी जुळली, आणि पाटी इटलीला परत पाठवण्यासाठी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्यात आली. लेखाच्या शेवटी अतिलियस कारस आणि वेत्तियस लोंगिनस यांनी आपली नावे घातली आहेत; आम्ही याचे वारस, आणि या लायक माणसासाठी हे आम्ही केले, असे ते म्हणतात.